पत्र्यावरची नदी

लोणावळ्याला आमचा बंगला होता असं मी कुठं बोलून गेले की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून आधीच सांगून टाकते. बंगला होता मुंबईच्या एका पारशीणबाईंचा, आणि आम्ही त्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारे राखणदार. वडील मूळचे मळवलीच्या बाजूचे, भातशेतीवाले. भाताचं एकदा उरकलं की करायचं काय म्हणून त्यांनी ही राखण धरली आणि मग धरली ती धरलीच. ते गेले तेव्हा मी लहान होते, माझा भाऊ सदूदादा जेमतेम मिसरूड फुटलेला. बाई मुंबईहून आल्या, बंगल्यातून एक चक्कर मारली, बंबाच्या पितळेत स्वतःचा चेहरा पाहिला आणि आईला म्हणाल्या, "किल्ल्या तूच ठेव." कारण आमच्या आईला घासण्याचं वेड होतं. साधंसुधं नव्हे, अगदी झपाटल्यासारखं. भांडी झाली की कंदिलाच्या काचा, काचा झाल्या की दाराच्या कड्या, कड्या झाल्या की आम्ही. राख, चिंच, नारळाची शेंडी आणि विटेचा तुकडा ही तिची हत्यारं. मी आज ऐंशीच्या घरात असूनही माझ्या कानामागची कातडी शाबूत आहे याचं मला नवल वाटतं.

बंगल्याची पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर. तिकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून त्या भिंतीला मृग लागायच्या आत सपाट पत्रे ठोकायचे आणि दसरा झाला की खिळे उपसून ते काढून मागच्या अंगणात रचायचे, ही तिथल्या बंगल्यांची रीत. चार महिने आमच्या उशाशी ते पत्रे धडधडायचे. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, झोपायचो. चुलीवर नाचणीची भाकरी, वाफाळता आंबेमोहोराचा भात असला तर सण, नाहीतर सुकटीचा खमंग वास, आणि घाटातून वर चढलेल्या गाडीची शिट्टी ऐकली की आई म्हणायची, "आला गं सदू सुटून." दादा रेल्वेच्या यार्डात खलाशी होता, पडेल ते अंगमेहनतीचं काम करणारा. पत्रे उतरवले की घर एकदम मुकं व्हायचं. पहिल्या रात्री तर त्या शांततेनं मला झोपच यायची नाही.

त्याच उतरवलेल्या पत्र्यांनी मला नादाला लावलं. कॅमेरा मला पारशीणबाईंनी दिला होता. काळी पेटी, वर चामड्याचा पट्टा. त्यांची नजर अधू होत चालली तेव्हा म्हणाल्या, "येमुना, तारी आंखं सारी छे, तू फोटो पाड." म्हणजे तुझी नजर चांगली, तू फोटो काढ. सोबत फिल्मच्या रोळांचा एक डबा आणि जवळचं टिपायला पुढं चढवायचं एक भिंग. त्या भिंगाला अंतर अगदी नेमकं लागायचं, जरा मागंपुढं झालं की सगळं पुसट. म्हणून मी कॅमेऱ्याला एक दोरी बांधली होती आणि तिला गाठ मारली होती. गाठ भिंतीला टेकली की अंतर बरोबर. पहिल्या रोळात मी फुलं काढली, मांजर काढलं, दादाला टोपी घालून काढला. सगळं कसं नकली वाटलं. मग एका दसऱ्यानंतर अंगणात रचलेल्या पत्र्यांवर सकाळचं तिरपं ऊन पडलं आणि मी हातातली कळशी तशीच धरून उभी राहिले. हिरव्या रंगाचे पोपडे उचलले होते, खालून शेंदरी रंग डोकावत होता, त्याच्याही खालून गंज. गंजानं वाट काढत काढत एक नदी केली होती, तिला फाटे फुटले होते, काठाला गावं होती. कुणी काढलं नव्हतं, पावसानं काढलं होतं. मी येडी झाले. त्यानंतर मी माणसांकडे कॅमेरा वळवलाच नाही. बंद बंगल्यांची दारं, पाण्याच्या टाकीचं बूड, गेटाचा लोखंडी पत्रा, ओल चढलेला चुना, हेच काढत सुटले. माझी नात परवा मला सांगत होती की याला आता अमूर्त छायाचित्रण म्हणतात आणि मोठमोठ्या दालनांत लोक ते बघायला जातात. जावोत बापडे. आईनं याला दिलेलं नाव होतं 'भिकेचे डोहाळे'.

"माणसांचं फोटू काढायचं सोडून भितडांचं काढती," ती म्हणायची. "भाऊ हाय, आई हाय, एक दिस पायरीवर बसवून काढशील तर हात झडतील का तुझं?" तिचं खरं दुखणं हे होतं की वडिलांचा एकही फोटो नव्हता. ते कसे दिसायचे हे ती आम्हाला दादाचं नाक दाखवून समजावायची. म्हणून मी तिला शब्द दिला होता. लढाईमुळे रोळ मिळेनासे झाले होते, बाईंच्या डब्यातला हा शेवटचा. त्यातला शेवटचा फोटो तिचा. दिवाळीच्या पाडव्याला, नवं लुगडं नेसून, मागच्या पायरीवर. रोळातल्या आठांपैकी सात मी कधीच भिंतींवर उधळले होते, पण तो आठवा मी खरंच राखून ठेवला होता. आई येता-जाता विचारायची, "माझा हाय न्हवं त्यात अजून?" जसा काही फोटो आधीच आत जाऊन बसला आहे.

ते बेचाळीसचं वर्ष वाईट होतं. सगळीकडे धरपकड चाललेली. कुठं तारा तोडल्या, कुठं रुळांचे खिळे उपसले, अशा बातम्या दादा कामावरून आणायचा आणि भाकरी मोडता मोडता हळू आवाजात सांगायचा. स्टेशनात साध्या वेषातले पोलीस फिरत होते. यार्डाच्या फाटकावर खलाशांचे डबे उघडून बघायचे, कालवणात बोट घालून बघायचे. आई दादाला रोज बजावायची, "कुनाशी बोलू नगंस, कुनाचं काय घेऊ नगंस." माझी सोयरीक टाकवे बुद्रुकला जमलेली होती, सुपारी फुटली होती, आणि घरात पोलिसाचं पाऊल पडणं म्हणजे काय हे मला सोळाव्या वर्षी नीट कळत होतं.

आणि तरी चूक झालीच, चूक म्हणावी तर. माझे आधीच्या रोळाचे फोटो बाजारात रहिमानचाचांच्या दुकानात धुवायला होते. चाचांचं छोटं फोटोचं दुकान, पुढं खुर्ची आणि रंगवलेला पडदा, मागं अंधारी खोली. दादानं कामावर जाता जाता तिथून माझं पाकीट घेतलं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. बहिणीचं काम, त्यात काय एवढं. फाटकावर पिशवी उघडली गेली.

आम्हाला हे कळलं ते रहिमानचाचांकडून. मी ओटा सारवत होते आणि ते टोपी हातात घेऊन धापा टाकत बंगल्याच्या मागच्या वाटेनं आले. कधी न येणारा माणूस दारात बघून आईच्या हातातली परात खाली आली.

"वहिनी, सदूला चौकीत बसवलंय," ते म्हणाले. "पाकिटावर माझ्या दुकानाचा शिक्का, म्हणून मलाही बोलावलं होतं. फौजदार म्हणतात, हे नकाशे आहेत. घाटाचे, धरणाचे. मी कुरआनची शपथ घेऊन सांगितलं की बाबा, हे पोरीनं काढलेले भिंतीचे फोटो आहेत. कोण ऐकतो? भिंतीचे फोटो कोण काढतं, विचारतात. आणि वर सदूनं काय करावं? म्हणाला, माझेच आहेत."

"असं का म्हनला त्यो?" आई किंचाळली.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मला समजलं. आईलाही समजलं. लग्न ठरलेल्या बहिणीला चौकीत आणायचं नाही म्हणून त्या गाढवानं स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतला होता. "पुण्याहून साहेब आलेत," चाचा म्हणाले. "दुपारच्या गाडीनं त्याला घेऊन जाणार. एकदा येरवड्याला पोचला की मग कधी सुटेल ते अल्ला जाणे."

माझे हात शेणाचे. पण डोकं चाललं. सगळ्यात जास्त कुठल्या फोटोवर अडून बसलेत, मी विचारलं. चाचा म्हणाले, "तो नदीचा. शेजारून टिंबांची रांग जाते तो." तो आमचा पत्रा होता! आणि टिंबांची रांग म्हणजे खिळ्यांची भोकं. भिंत काही उचलून नेता येत नाही, पण पत्रा येतो. पत्रा नेऊन फोटोशेजारी ठेवला की आंधळ्यालाही दिसेल. मी आईला म्हटलं, "आई, राशीत सगळ्यात खालचा, कोपरा दुमडलेला पत्रा आहे, तो तेवढा काढून ठेव. मी चाचांच्या दुकानातून त्या फोटोची फिल्म घेऊन येते, ती पण दाखवू. आले की निघूच." आई मान हलवत अंगणाकडे धावली.

मी बाजारात पळत गेले आणि पळत आले. फार वेळ लागला नाही. पण आईच्या हाताला फार वेळ लागतच नसे.

अंगणात आले तर आई पत्र्यावर ओणवी. शेजारी राखेची पाटी, चिंचेचा कोळ, शेंडीचा चोथा, विटेचा तुकडा. कोपरापर्यंत काळेमिट्ट हात. वरच्या नळाचं पाणी ओतून तिनं शेवटचा हात फिरवला आणि पत्रा उभा केला. उन्हात तो लखलखला. नदी गेली होती. फाटे, गावं, हिरवं, शेंदरी, सगळं गेलं होतं. फक्त खिळ्यांची भोकं राहिली होती.

"आई! काय केलंस हे!"

"घासला," ती म्हणाली. चेहऱ्यावर अजून समाधान. "सायबाम्होरं असला खराब पत्रा न्यायचा व्हय? काय म्हनंल त्यो, कसली घानेरडी मान्सं."

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तोंडाला येईल ते बोलले. दादाला तू मारलंस असंही बोलले. घासता घासता एक दिवस आम्हाला सगळ्यांना पुसून टाकशील म्हणाले. ती आधी नुसती बघत राहिली, तिला समजतच नव्हतं. मग हळूहळू समजत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. मला तो चेहरा आजही नको वाटतो. रडली मात्र नाही. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "भोकं हायती न्हवं अजून? उचलू लाग." मी कॅमेरा गळ्यात अडकवला. का अडकवला, ठाऊक नाही. फोटो माझे आहेत हे सांगायला हातात काहीतरी हवं होतं, बाकी काही ठरवलं नव्हतं.

भर बाजारातून आम्ही दोघी गेलो. पुढं आई, डोक्यावर आरशासारखा पत्रा, मागं मी. चिक्कीच्या दुकानातले लोक पायरीवर येऊन बघत होते. पत्र्याचा कवडसा दुकानांच्या पाट्यांवरून पळत होता. पुढं जे टाकव्याला माझे मालक झाले त्यांच्या कानावर हे आठवड्याच्या आत गेलं होतं, नवरी डोक्यावर पत्रा घेऊन चौकीत गेली म्हणून. लग्नानंतर कधीतरी मला म्हणाले, "मी म्हटलं, बरं झालं, छपराची काळजी मिटली." तेव्हा हसले मी. त्या दिवशी मात्र स्टेशनाकडून कुठलीही शिट्टी झाली की आम्ही पाय आणखी भराभर उचलायचो.

चौकीत दादा भिंतीशी उकिडवा बसला होता. एक कान सुजून लाल झालेला. मला बघून तो उठायला गेला तर हवालदारानं खांदा दाबला. "येमे, घरी जा," तो ओरडला. "सायेब, तिचं काय ऐकू नका. येडी हाय ती. फोटू माझंच हायती." मी म्हटलं, "त्याला विचारा हे कशानं काढले. पेटी कशी उघडतात ते तरी सांगू दे." फौजदार चष्मेवाले, बोलणं शांत. त्या शांत बोलण्याचीच भीती वाटत होती. त्यांनी टेबलावर माझे फोटो पत्त्यांसारखे मांडले.

"ही नदी," ते म्हणाले. "हा तिच्या कडेनं जाणारा लोहमार्ग. हे पूल. इथं हा काळा डाग, हे धरण. भाऊ-बहीण कोणाला वाचवतंय त्याच्याशी मला कर्तव्य नाही. मला सांगा, हे उंचावरून कोणी आणि कशासाठी काढलं?"

"साहेब, ते पूल नाहीत. खिळ्यांची भोकं आहेत. आमच्या पत्र्याची."

मी आणलेली फिल्म त्यांनी न बघताच बाजूला सारली. आईनं पत्रा टेबलाला टेकवून उभा केला. फौजदारांनी वाकून पाहिलं. फोटो पाहिला, पुन्हा पत्रा पाहिला. "भोकं कुठल्याही पत्र्याला असतात. यात मला माझं तोंड दिसतंय, बाई. नदी कुठं आहे?"

मी आईकडे पाहिलं नाही, पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"नदी म्या घासली, सायेब," आई म्हणाली.

हवालदार फिस्सकन हसला. फौजदार हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. आई पुढं सांगत होती, राखेनं कशी घासली, चिंच कशी लावली, चूक माझी, पोराची नाही, पोरीची नाही. आणि जेवढी ती खरं सांगत होती तेवढं ते आणखी खोटं वाटत होतं. दादानं डोळे मिटून घेतले. फौजदारांनी हवालदाराला खूण केली, या दोघींना बाहेर काढ म्हणून. आम्ही दाराशी आलो आणि मला दार दिसलं.

चौकीचं जुनं सागवानी दार. कधीकाळी निळं. खालचा हातभर भाग वर्षानुवर्षं पावसानं झोडपलेला, निळ्याच्या खपल्या सुटलेल्या, मधून पांढरा, मधून उघडं लाकूड, त्याला काळ्या भेगा, आणि बिजागरीच्या गंजाचा ओघळ वळणं घेत खाली आलेला. त्यावर ऊन तिरपं पडलं होतं. मी जागच्या जागी वळले.

"साहेब, तुमच्या दाराचा एक काढू द्या. हात-दीड हात लाकूड, बाकी काही नाही. चाचांकडे हवालदारांच्या देखत धुवा. दार दारासारखं दिसलं तर मलाही पुण्याला न्या."

हवालदार म्हणाला, सरकारी जागेचा फोटो काढणं गुन्हा आहे. फौजदार दाराकडे बघत होते. किती वेळ बघत होते! मला वाटलं, गाडी इथंच निघून जाणार. मग म्हणाले, "काढ. एकच."

एकच तर होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी आईकडे पाहिलं. तिच्याही ध्यानात आलं होतं.

"बघतीस काय?" ती म्हणाली. "काढ. माझं थोबाड कुटं पळून चाललंय?"

मी स्टूल मागितलं, त्यावर पेटी ठेवली, भिंग चढवलं, दोरी ताणून गाठ लाकडाला टेकवली. वाऱ्यानं दार हलत होतं. हलणाऱ्या दाराचा फोटो म्हणजे नुसता धूर. "आई, दार धर. घट्ट." तिनं दाराआड उकिडवं बसून खालची कड धरली. मी श्वास रोखला आणि कळ दाबली. खुट्ट. एवढा बारीक आवाज, आणि माझ्या भावाचं सगळं आयुष्य त्यात.

हवालदार कॅमेरा घेऊन चाचांकडे गेला. आम्ही ओसरीवर बसलो. फिल्म किती जुनी, बाईंच्या डब्यात कधीपासून पडलेली, आत धुकं तर नाही ना आलं, चाचांचा हात घाईत थरथरला तर, मी हेच जपत बसले होते. आई पत्र्याला टेकून बसली होती आणि आतल्या दादाला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत होती, सकाळच्या भाकऱ्या झाकून ठेवल्यात, कालवण गरम करावं लागंल. बोलायला दुसरं काही नव्हतं. माणसं अशा वेळी कालवणाबद्दलच बोलतात, हे मी पुढं आयुष्यात फार वेळा पाहिलं. मधेच ते पुण्याहून आलेले साहेब स्टेशनाकडून परत आले. उंच, बूट वाजवत. आमच्याकडे न बघता आत गेले. त्यांच्यामागोमाग रहिमानचाचा, घामानं निथळत, ओलसर फोटो दोन बोटांत धरून. मी बघायला हात पुढं केला तर हवालदारानं तो घेऊन सरळ आत नेला.

दार उघडंच होतं, म्हणून पुढचं मला दिसलं. फौजदारांनी तो फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग तो बाकीच्या फोटोंत मिसळला आणि सगळा गठ्ठा पुण्याच्या साहेबांपुढं सरकवला. ते मनातून कोणाच्या बाजूचे होते हे मी अजूनही सांगू शकत नाही. साहेब एकेक फोटो उचलून बघत गेले आणि नव्या फोटोवर थांबले.

"हा महत्त्वाचा," ते म्हणाले. "हा घाट. ही लाइन बघा कशी वळत खाली उतरते. ह्या दऱ्या. आणि हे कडेला, चार लांबट काळे ठोकळे, अगदी ओळीत. या बराकी आहेत, लष्कराच्या. ज्यानं काढलंय त्याला काम कळतं."

"साहेब, जरा बाहेर येता का?" फौजदार म्हणाले.

त्यांनी साहेबांना दाराशी आणलं, फोटो त्यांच्या हातात दिला आणि आईला म्हणाले, "बाई, मघाशी धरलं होतं तसं दार धरा." आई घाबरून उठली. एवढ्या मोठ्या साहेबापुढं जायचं म्हणून ती आधी पदराला हात पुसायला लागली.

"हात पुसू नका, बाई," फौजदार म्हणाले. "तसेच राहू द्या."

आईनं दाराआड जाऊन कड धरली. निळ्या खपल्या, गंजाचा वळत खाली आलेला ओघळ, लाकडाच्या भेगा, आणि कडेला राखेनं-गंजानं काळी झालेली तिची चार बोटं, ओळीत. साहेब फोटो बघत, दार बघत, पुन्हा फोटो बघत. मग त्यांनी वाकून आपलं बोट पुढं करून आईच्या बोटांजवळ नेलं, शिवले नाहीत, आणि मागं घेतलं.

"सोडून द्या त्याला," ते म्हणाले. "कॅमेरा राहू दे इथं."

कॅमेरा परत मिळाला नाही. लढाई संपली, इंग्रज गेले, तरी नाही. चौकीचं दार मात्र दिवाळीच्या आत रंगवून झालं. घाईघाईनं, खपल्या न काढता वरूनच रंग फासला होता, दादा बघून आला. तो दाराचा फोटो फौजदारांनी माझ्याकडे कसा दिला तेही सांगायला हवं: पत्र्यावर ठेवला आणि आत गेले. दादानं पत्रा डोक्यावर घेतला, आईनं फोटो पदराखाली घेतला, आणि आम्ही घरी आलो. कालवण गरम केलं. दादाला चावताना कान दुखत होता, म्हणून आईनं त्याला भाकरी दुधात कुस्करून दिली, लहान मुलाला देतात तशी. त्यानं नको नको म्हणत सगळी खाल्ली. मी तिला सकाळचं बोलले त्याबद्दल काही म्हणणार तेवढ्यात तिनं तो फोटो कंदिलाजवळ धरला आणि आपली बोटं शोधून काढली. "ही मी," दादाला दाखवत म्हणाली. "निघाला माझा फोटू." खुशीत होती.

आईचा दुसरा फोटो कधी निघाला नाही. काढवून घेता आला असता, चाचा फुकट काढायला तयार होते, तीच गेली नाही. कितीही सांगितलं तरी म्हणायची, "एक हाय की." आता ती कशी दिसायची हे मी नातीला माझं नाक दाखवून समजावते, आणि मग फोटोतली ती चार बोटं दाखवते.

लग्न होऊन मी टाकव्याला गेले. तिथं भाताची लावणी, गुरं, घर, माझ्या हातात कॅमेरा कुठला. दोन-तीन पावसाळे गेले. एका दसऱ्यानंतर आमच्या गावचा बाजारकरी लोणावळ्याहून आईचा निरोप घेऊन आला. चेहरा असा गोंधळलेला, की मी घाबरलेच. म्हणाला, "तुमच्या आईनं सांगितलंय, पत्र्यावर नदी आलीय, बगायला या. काय ते मला काय समजलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी गेले. आईनं दुमडलेल्या कोपऱ्याचा तो पत्रा राशीतून काढून, भिंतीला टेकवून, सकाळच्या तिरप्या उन्हात उभा करून ठेवला होता. आधीसारखी नव्हती नदी, यंदा तिनं दुसरीकडून वाट काढली होती आणि खाली येऊन रुंद झाली होती. शेजारी राखेची पाटी होती, चोथा होता. आई आणि मी पायरीवर बसलो, चहा घेतला आणि ऊन वर सरकेपर्यंत नुसत्या बघत बसलो.

"येमे," ती म्हणाली, "आता घासू का गं?"

"नको," मी म्हटलं.

तिनं चोथा पाटीत टाकला आणि पाटी आत नेऊन ठेवली.